उबवेल त्याची गादी

धुरपदाच्या कोंबडीनं देशमुखांच्या गोठ्यात अंडी घातली आणि देशमुखांच्या कोंबडीनं ती उबवली. पिल्लं बाहेर पडताच धुरपदा मागायला गेली.

गादीवर रेलून देशमुख म्हणाले, "अंडी तुझी असली म्हणून काय झालं? जो उबवेल त्याचा माल!"

"वा सरकार!" बैठकीतल्या माणसांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात देशमुख पान थुंकायला उठले. परत येऊन बघतात, तर धुरपदा गादीवर ऐसपैस मांडी घालून बसलेली!

"अगं ऊठ! माझ्या आजोबांची गादी आहे ती!"

"असंल की, सरकार. पण आता मी उबवतेय न्हवं?"

सगळी बैठक खो खो हसत सुटली. देशमुखांनाही हसू आवरेना.

"ने बाई तुझी पिल्लं," ते म्हणाले, "पण आधी ऊठ, गादीतनं काही निघायच्या आत!"