तथास्तु म्हणणारी भिंत

एका राज्यात भिंतींना कान होतेच, पण एका भिंतीला जीभही होती. राजा अरिमर्दनाने नवा महाल बांधला, त्याची वास्तुशांत यथासांग झाली, आणि महालाची पूर्वेकडची भिंत बोलू लागली. ती एकच शब्द बोले, तथास्तु, आणि कधी बोलेल याचा नेम नसे. म्हणून त्या महालात कोणी दिवा विझवत नसे, दिव्याला निरोप देत. हातातली बांगडी फुटत नसे, ती वाढे. मडक्यातले तांदूळही संपत नसत, वाढत. अभद्र शब्द तोंडातून काढावा आणि तो भिंतीने ऐकावा, एवढी छाती कोणाचीच नव्हती.

त्या भिंतीवर चित्र काढायला राजाने हंसाजी चिताऱ्याला बोलावले. हंसाजीचा हात असा, की त्याने काढलेल्या मोरांना खऱ्या लांडोरी दाणे आणून देत. पूर्वी तो वेशीवर आणि देवळांत चित्रे काढी. चिताऱ्यांची रीत अशी होती की नव्या चित्रात पहिला ठिपका गावाने द्यावा, मग चिताऱ्याने कुंचला उचलावा. पण कीर्ती झाली तसे ते वेडेवाकडे ठिपके हंसाजीच्या डोळ्यांत खुपू लागले. महालाच्या भिंतीवर त्याने कोणाला बोट टेकू दिले नाही.

भिंत निम्मी रंगली, तेव्हा धोंडाई कुंभारीण काठी टेकत आली. हंसाजीच्या बापाच्या चित्रांतही तिचे ठिपके होते.

"चितारीबुवा, माझा ठिपका राहिला. थोडा रंग द्या."

हंसाजीपुढे रंगांच्या वाट्या काठोकाठ भरल्या होत्या. वर न पाहता, भिंतीचे भान न ठेवता तो म्हणाला, "रंग संपला."

भिंत म्हणाली, "तथास्तु."

त्या क्षणी राज्यातले सारे रंग निघून गेले. हळद पिठासारखी झाली, कुंकू राखेसारखे. पोपट झाडावर बसले की दिसेनासे होत. पिकलेले कोणते आणि कच्चे कोणते, हे कळेना. हंसाजीची एकुलती एक लेक केवडा रानात करवंदे खायला गेली आणि तशीच दिसणारी विषारी फळे खाऊन आली. ती निजली ती उठेचना.

राजवैद्य म्हणाला, "रक्तदेठी नावाच्या वनस्पतीचा रस दिला तर मुलगी उठेल. पण तिच्या शेजारीच काळदेठी उगवते. पान तेच, वास तोच. एकीचा देठ तांबडा, दुसरीचा काळा. आज दोन्ही सारख्याच दिसतात. चुकीची दिली तर मुलगी गेलीच. सात दिवस मी तिला धरून ठेवीन, आठवा दिवस माझ्या हाती नाही."

हंसाजीने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. आपल्या एका खोट्या शब्दाने हे झाले, हे त्याला ठाऊक होते, आणि ते कोणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. तो रानात धनेश पक्ष्याकडे गेला. हा पक्षी तीन राजांचा सल्लागार होता आणि फार थोडे बोले.

"रंग आपापल्या माहेरी गेले आहेत," धनेश म्हणाला. "पिवळा टेकडीकडे, तांबडा पळसाकडे, निळा डोहातल्या नागाकडे. तिघांना आण आणि सातव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी तेच चित्र पुरे कर. बाकीचे त्यांच्या मागोमाग येतील."

हंसाजी टेकडीपाशी गेला. टेकडी म्हणाली, "वीस वर्षे माझी माती नेतोस. मला कधी पाहिलेस?"

"नाही."

"मग पाहा."

तो दिवसभर बसून राहिला. गवताची सावली कशी सरकते, मुंग्या कोणत्या वाटेने जातात, ऊन उतरताना दगड कसा मऊ दिसू लागतो, हे त्याने पाहिले. इतकी वर्षे आपण मोर काढले ते आपल्याच जुन्या मोरांवरून, हे त्याला तिथे कळले. संध्याकाळी टेकडीने त्याच्या ओंजळीत पिवळ्या मातीचा खडा ठेवला.

पळस म्हणाला, "तुझा रंग कुटणारे, डिंक आणणारे, कुंचल्याला केस देणारे, यांची नावे सांग."

हंसाजीला दोनच नावे आठवली. तो वाडी-वाडी हिंडला. दारोदार उभा राहून, "माझ्यासाठी या घरातून काय जात होते?" असे विचारू लागला. कुठे पाणी मिळाले, कुठे शिव्या. या कामी चार दिवस गेले. एकेचाळीस नावे सांगून झाली तेव्हा पळसाने एक फूल खाली टाकले, तांबडेलाल.

सहाव्या दिवशी तो डोहावर पोचला. नाग म्हणाला, "निळा हवा तर तुझ्या हाताची स्थिरता इथे ठेवून जा."

"मग मी चित्र कशाने काढू?"

"ते मला ठाऊक नाही."

हंसाजीने आपल्या हातांकडे पाहिले. त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. मग त्याला केवडा आठवली आणि त्याने हात पाण्यात घातले. बाहेर काढले तेव्हा ओंजळीत निळा खडा होता, आणि बोटे थरथरत होती.

सातव्या दिवशी दुपारी राजा आणि सारे गाव महालात जमले, आणि हंसाजीने रंग कालवले. तिन्ही मिळून टिळ्यापुरते भरले. त्याने कुंचला टेकवला, तर रेघ नागमोडी गेली. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. कुंचला हातातून गळून पडला आणि राजासमोर, सगळ्या लोकांसमोर हंसाजी रडला.

मग तो उठला आणि धोंडाईच्या पायांशी गेला.

"आई, रंग होता. मी खोटे बोललो. आता माझ्याने हे होत नाही. तुम्ही सगळे हात लावा."

"लावू की," म्हातारी म्हणाली. "त्यासाठीच तर आले होते."

लोक भिंतीपुढे पंगतीसारखे ओळीने बसले. प्रत्येकाने पुढे एकेक पान मांडले. राजाही मुकुट बाजूला ठेवून बसला. धोंडाईने आपले पान पुढे सरकवले आणि म्हणाली, "वाढा."

"वाढतो," हंसाजी म्हणाला.

भिंत म्हणाली, "तथास्तु."

वाढणे म्हणजे पानात घालणे, आणि वाढणे म्हणजे मोठे होणेही. भिंतीने कोणता अर्थ घेतला ते तिचे तिला ठाऊक. पण हंसाजी वाढत गेला तसा वाटीतला रंग वाढत गेला. हात थरथरत असल्यामुळे प्रत्येकाच्या पानात जरा जास्तच पडला. कोणी बोटाने, कोणी काडीने, कोणी पदराच्या टोकाने भिंत रंगवू लागले. कोणी टेकडी काढली, कोणी आपली गाय. राजाने घोडा काढला, तो शेळीसारखा झाला, आणि हसायची कोणाची हिंमत झाली नाही. धोंडाईचा शेवटचा ठिपका पडला तेव्हा सूर्याची कड तेवढी उरली होती.

हळद पिवळी झाली. झाडांवरून पोपट उडाले आणि दिसले. वैद्य रानाकडे धावला आणि तांबड्या देठाची जुडी घेऊन आला.

केवडा सकाळी उठली. तिने आधी भाकरी मागितली, मग चित्र पाहायचा हट्ट धरला. बापाने तिला खांद्यावर बसवून महालात नेले. ती भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, यात तुमची रेघ कोणती?"

हंसाजीने या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधली. त्याला ती सापडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा चित्रापुढे उभे राहून त्याला सुख वाटले.

त्या राज्याचे दिवस असे रंगारूपाला आले, तसे ऐकणाऱ्यांचेही येवोत.