उकिरड्यावरची सोयरीक

कोळवडीत शिरताना आधी देऊळ लागत नाही, उकिरडा लागतो. भोवती दगडी कठडा, कठड्याला हळदकुंकू. शहरातून विषमुक्त भाजी शोधत आलेली मंडळी इथे गाडीतून उतरतात आणि पहिलं काम नाकाला रुमाल लावायचं करतात. मग पारावरचे सोपानआबा त्यांना खालीवर न्याहाळतात आणि ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, इथे तान्हाबाई नावाच्या विधवेचं खोपट होतं. जमीन उणीपुरी दोन बिघे. पण बाईनं त्यात काय पेरलं नव्हतं! ज्वारीत तूर, तुरीखाली मटकी, बांधाला भोपळा. शेण, पालापाचोळा, चुलीची राख, सगळं उकिरड्यात मुरायचं आणि वैशाखात शेतात जायचं. पिकेल ते आधी गावात वाटायचं. गावाची पोटं भरून उरलं तरच बाजार.

पलीकडे हैबतराव इनामदारांचं दीडशे बिघ्यांचं रान. या शहाण्यानं गोठ्यातल्या साऱ्या शेणाच्या गोवऱ्या थापवल्या आणि गाड्या भरभरून पेठेला धाडल्या. जमिनीच्या तोंडचा घास विकून पागोट्याला जरीचा काठ लावला. मोठं घर पोकळ वासा, दुसरं काय!

तान्हाबाईची येसू इनामदारांच्या मुलाच्या मनात भरली. हैबतराव बोलणी करायला आले, ते उकिरड्यापाशीच थबकले. उपरणं नाकाला लावून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "उकिरड्यावरची सून आमच्या घरात? वास कसा जायचा?"

तान्हाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे तिनं आण घेतली, "ह्यात जो कोपरापातुर हात घालंल, त्यालाच माजी येसू. न्हाईतर पोर जल्मभर बिनलग्नाची ऱ्हाईल."

आण घेतली आईनं, भोगली लेकीनं. स्थळं यायची, उकिरडा बघायची, नाकानं कांदे सोलत परत जायची. येसूनं विशी ओलांडली. तिच्याकडे पाहिलं की तान्हाबाई ताटावरून उठे. आपण रागाच्या भरात लेकीचा जन्म जाळला, असं तिला वाटे. पण आण ती आण.

मग म्हणे दोन वर्षं पाऊस पाठ फिरवून बसला. इनामदारांचं उपाशी रान दगडासारखं झालं, बियाणं जागच्या जागी करपलं. तान्हाबाईच्या मातीनं मात्र ओल धरून ठेवली होती. तिची ज्वारी कमरेला लागली. तेव्हा हैबतरावांना ती सोयरीक आठवली! मुलगा आणि गडी घेऊन ते हसत हसत आले. "झालं गेलं विसरू," म्हणाले, "बियाणंही घरातल्या घरात राहील."

तान्हाबाईनं नुसतं उकिरड्याकडे बोट केलं. चिरंजीवांनी वडिलांकडे पाहिलं. आणि वडिलांची अक्कल बघा, ते गड्याकडे वळून म्हणाले, "गेनू, घाल रे हात." जन्मभर ज्यानं स्वतःचा जोडासुद्धा स्वतः उचलला नाही, तो दुसऱ्याच्या हातानं आण फेडायला निघाला होता.

गेनूनं कोपरापर्यंत हात घातला. काळीभोर, भुसभुशीत मूठ वर काढली, हुंगली आणि खुलला. "मावशे, वास वरवरचा हाय. आत निस्ती जित्ती माती!"

येसू तांब्या घेऊन बाहेर आली. त्याच्या हातावर पाणी ओतत म्हणाली, "आये, तुजी आन फिटली. मला ह्यो पसंत हाय."

हैबतराव पागोटं सावरत थयथयाट करू लागले. तान्हाबाईनं त्यांच्यापुढे बियाण्याचं पोतं ठेवलं. "न्या. तुमची कीव न्हाई आली; त्या रानाची आली."

आजही कोळवडीत मुलगी मागायला आलेल्या नवऱ्या मुलाला आधी या उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. बदली गडी चालत नाही. नाकाला रुमाल लावून आलेल्याला चहा मिळतो. मुलगी मिळत नाही.