तबीथेची प्रार्थना

बंधुभगिनींनो, मुळा नदीच्या काठी निंबगव्हाण नावाचे एक गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत सिमियोनबाबा हिवाळ्यात मुक्कामाला येत. मंदिराच्या ओसरीत एक घोंगडी, एवढाच त्यांचा संसार. तिन्हीसांजेला घंटा झाली की आजारी, दुःखी सारे तिथे जमत आणि बाबा एकेकाचे नाव घेऊन सर्वांसह देवाला आळवीत.

तबीथा नेहमी दाराशी बसे. ती विधवा; दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाई. मागच्या सुगीत तिचा एकुलता मुलगा शमुवेल घटसर्पाने गेला होता. घशात पडदा धरून श्वास कोंडणारा तो आजार. तरीही ती रोज येई आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हात जोडी.

थोमासराव हे त्या मंडळीतले वडीलधारे. मंदिराला जागा त्यांनीच दिलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. एके दिवशी बाबा पलीकडच्या गावी गेले असताना ते सर्वांदेखत म्हणाले, "जिच्या प्रार्थनेनं स्वतःचं पोर वाचलं नाही, ती आमच्या लेकरांसाठी काय मागणार? हिचा विश्वास उणा होता, म्हणूनच पोर गेलं. बाई, तू इथं बसत जाऊ नकोस."

काही जण हसले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तबीथा पदर सावरून उठली आणि निघून गेली.

थोड्याच दिवसांत थोमासरावांची नात रिबका त्याच आजाराने पडली. वैद्यांनी हात टेकले. बाबा परतले त्याच सांजेला थोमासरावांनी घंटा वाजवायला लावली. सारी मंडळी त्यांच्या घरी गुडघे टेकून बसली. बाबांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे मिटून ते देवाकडे मार्ग मागत राहिले. मग म्हणाले, "आपल्यात एक माणूस कमी आहे. तबीथा कुठं आहे?"

घडलेले कोणीतरी सांगितले. बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "थोमासराव, तिला आणायला तुम्हीच जा."

तबीथा चुलीपुढे बसली होती. थोमासराव दारातूनच म्हणाले, "चला, बाई. पोरीचा श्वास कोंडतोय."

"शमुवेलचा कोंडला तेव्हा मी तुमच्या दारात उभी होते," ती म्हणाली. "घंटा वाजवा म्हणत होते. तुम्ही म्हणालात, शेंगा काढायच्यात, माणसं मोकळी नाहीत."

"म्हणालो होतो," थोमासराव कसेबसे बोलले.

ती उठली आणि त्यांच्यापुढे चालू लागली.

रिबकाच्या उशाशी बसून तिने हात जोडले. "देवा, माझं लेकरू तू उठवलं नाहीस. का, ते मला अजून कळलं नाही. माझा रागही गेलेला नाही. पण या पोरीनं काय केलंय? हिला श्वास दे."

मंडळी "आमेन" म्हणाली. पोरीला जोराची ढास लागली, घशातला पडदा सुटून बाहेर पडला आणि तिने छातीभर श्वास घेतला. पाठोपाठ तिने पाणी मागितले. धन्य तो प्रभू! घरातली माणसे रडू लागली.

तबीथा मात्र बाबांकडे बघत होती. "बाबा, हा तोच देव ना? मग माझा शमुवेल गेला, घंटाही झाली नाही, तेव्हा कुठं होता?"

बाबांच्या डोळ्यांना धार लागली. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. मी खोटं सांगणार नाही. पण तेव्हा मंडळी कुठं होती, ते आम्हा सगळ्यांना सांगावं लागेल."

हे ऐकून थोमासराव पुढे आले आणि तिच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. तबीथेने पाय मागे घेतले. "पोरीला कोमट पेज द्या," एवढेच म्हणून ती बाहेर पडली.

बाबांनी थोमासरावांना उठवले नाही. ती दिसेनाशी झाली तरी, ती जिथे उभी होती त्या जमिनीला थोमासरावांचे कपाळ टेकलेलेच होते.