कुसळांचे मैदान

फार फार पूर्वीची गोष्ट, कोणत्या राजाच्या काळातली ते आता कोणी सांगत नाही. एका नगराच्या मधोमध मोठे मैदान होते. हत्तींच्या झुंजी होऊन होऊन तिथली माती विटेसारखी घट्ट झाली होती. पाणी तिच्यात मुरत नसे. ते वरची माती खरवडून शेजारच्या बारवेत नेई. नगराला पाणी पाजणारी ती एकच बारव. पावसाळ्यात ती गढूळ होई आणि उन्हाळ्यात तळ गाठी.

राजाच्या म्हाताऱ्या आत्याने झुंजी बंद करायला लावल्या. बाहेरच्या माळावरून येणाऱ्यांच्या धोतर-लुगड्यांना गवताची कुसळे चिकटत. लोक ती वेचून चुलीत टाकत.

आत्या म्हणाली, "ती मैदानात झटका. कुसळ आपलं बी आपणच मातीत खुपसतं."

लोक हसले. "चला, आत्यासाहेबांनी कुसळांचं लग्न काढलंय, अक्षता टाकू!" पण हसत का होईना, येता-जाता पदर झटकू लागले.

कितीतरी पावसाळे काहीच दिसले नाही. मग तुरळक पाती आली. पुढे कमरेएवढे गवत झाले. माती भुसभुशीत झाली, चंडोल पक्ष्यांनी जमिनीवर घरटी केली. बारवेचे पाणी उन्हाळाभर टिकू लागले.

मग राजकन्येचे लग्न ठरले, ऐन चैत्रात. राजाने सज्जातून पाहिले, तर मैदान पिवळे पडलेले.

"आत्यासाहेब, तुमचं गवत मेलं."

"मेलं नाही रे, झोपलंय. पाऊस आला की उठेल."

"वऱ्हाड त्याआधी येणार. व्याही हसतील."

"हसू दे की! हसण्यानं बारव आटत नाही."

राजाने ऐकले नाही. नांगर फिरले. चंडोलाची अंडी त्यांच्याखाली गेली. पक्षीण ओरडत नांगरापुढे आली, तेव्हा बैल थांबले. माणसे थांबली नाहीत. मग दूरच्या बागेतली मऊ हिरवळ आणून अंथरली आणि बारव उपसून तिला पाणी पाजले.

व्याही खूश झाले. लेक सासरी गेली, तोवर बारव कोरडी पडली होती. आणलेली हिरवळही करपली.

मग पाऊस आला. माती धरून ठेवणारी मुळे उरली नव्हती. सगळे मैदान वाहून गेले आणि बारव वरच्या पायरीपर्यंत चिखलाने भरली.

राजा आत्याच्या अंथरुणाशी बसला. "आत्यासाहेब, गवत परत आणा. सांगाल ते करतो."

"येईल रे बाळा," आत्या म्हणाली. "पण तोवर मी नसेन. आणि तुझी माणसं पाणी कुठलं पितील?"

आत्या त्याच महिन्यात गेली. दिवाळीआधी लोकांनी बैलगाड्या जुंपल्या आणि नगर सोडले. राजा एकटाच चिखल उपसत राहिला.

म्हणून ध्यानात ठेवावे: वाळलेले आणि मेलेले यांतला फरक जो वाट पाहून शिकत नाही, त्याला तो तहान शिकवते.