लिंपलेली ढोली

पोरांनो, या गोष्टीत दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तुम्हाला गंडवणार नाही. दोष हत्तीचा आणि कोल्ह्याचा. हत्ती रानात सगळ्यांत म्हातारा, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत. तेवढ्यावरच तो शहाणाही ठरला होता. कोल्हा त्याच्या मर्जीतला.

त्याच रानात एक धनेश पक्षी राहायचा. मोठ्या चोचीचा आणि जरा चक्रमच. एकटाच मोठमोठ्यानं बोलायचा. फळ मिळालं की आधी हवेत उडवायचा आणि मग झेलायचा. चोचीला सदा चिखल, म्हणून त्याला सगळे चिखल्या म्हणत. हा चिखल कशाचा, ते ऐका. धनेशांची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतात. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवतात. साप आत शिरत नाही. पण आत बसल्यावर मादी पिसं गाळते, तिला उडता येत नाही. नर फळं आणून फटीतून भरवतो, तेव्हा ती जगते आणि पिल्लंही जगतात. नर आला नाही, तर दुसरं कुणी येत नाही.

त्या उन्हाळ्यात रानातली फळं संपली. फळांनी लगडलेलं उंबराचं झाड एकच उरलं होतं, तेही हत्तीच्या ताब्यात. आणि हत्तीनं कोल्ह्याला हाताशी धरून टीव्हीवर एक स्पर्धा काढली, 'दाखव तुझा धंदा'. ज्याचा धंदा हत्तीला पटेल, त्याला ते झाड उन्हाळाभर मोकळं. चिखल्यानं ढोलीपाशी जाऊन बायकोला सांगितलं, "दुपारपर्यंत येतो. झाड मिळालं तर दोन्ही पिल्लांची ददात मिटेल."

"आणि नाही मिळालं तर?" ती आतून म्हणाली.

"तरी येतो की!"

स्पर्धेच्या मांडवात अस्वलानं मधाचा धंदा मांडला, तोही गोड बोलून. चिखल्यानं मांडला दुसऱ्यांच्या ढोल्या लिंपून द्यायचा.

"नफा काय रे यात?" हत्तीनं विचारलं.

"साप आत येत नाही, आजोबा."

"ते झालं. पण नफा?"

"अंडी वाचतात की! आणखी काय पाहिजे?" असं म्हणत त्यानं सवयीनं चिखलाचा गोळा हवेत उडवला. झेलायला गेला, तर गोळा थेट हत्तीच्या कपाळावर बसला.

बिळाबिळात टीव्हीपुढे सगळे हसून लोळले. कोल्ह्याचे डोळे चमकले. असा गडी लगेच हरवायचा नसतो, आणि जिंकवायचा तर कधीच नसतो. त्यानं आणखी एक फेरी जाहीर केली. ती झाल्यावर आणखी एक.

"कोल्होबा, संध्याकाळचं घरी जाऊन येऊ का? उपाशी असतील सगळे."

"जा की! पण मांडवाबाहेर गेलास की बाद. नियम माझा नाही बाबा, आजोबांचा आहे."

चिखल्या हत्तीकडे गेला. "आजोबा, चार उंबरं तरी नेऊन देतो. लगेच परत येतो."

"चार उंबरांपायी अख्खं झाड घालवतोस? वेडा का काय! आमच्या वेळी आम्ही कळ काढली, म्हणून इथवर आलो," हत्ती म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडात उंबरं होती.

चिखल्या मांडवातच थांबला. मोठ्यांना कळत असेल, असं त्याला वाटलं. असं वाटायला आपल्याला लहानपणापासून शिकवतातच.

फेऱ्यांवर फेऱ्या होत कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी ढोलीशेजारची खार धापा टाकत मांडवामागे आली. "चिखल्याभाऊ कुठंय? ढोलीतून आवाज येईनासा झालाय!"

कोल्ह्यानं तिला तिथंच अडवलं. "बसा ताई, पाणी घ्या. हे उद्या अंतिम फेरीत सांगायचं, कॅमेऱ्यासमोर. जरा रडत सांगा."

"अहो, आत्ता सोडा त्याला! एखादं जिवंत असेल अजून!"

"कॅमेरा सकाळी लागतो," कोल्हा म्हणाला, आणि त्यानं तिला बाहेर जाऊ दिलं नाही.

सकाळी खारीनं सांगितलं. चिखल्याचा चेहरा सगळ्या रानाला जवळून दाखवला गेला. तो उडाला. तो झाडांच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत हत्तीनं निकाल देऊनही टाकला. स्पर्धक मांडव सोडून गेला, सबब बाद. झाड अस्वलाचं.

चिखल्यानं चोचीनं ढोलीचं लिंपण फोडलं. आतलं कुणी हललं नाही.

"सांगायचं होतं ना त्यानं! आम्ही काय नाही म्हटलं असतं?" हत्ती नंतर ज्याला त्याला म्हणत फिरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिखल्यानं सांगितलं होतं, पोरांनो. तुम्ही ऐकलंत.

त्याची बायको मेली आणि दोन्ही पिल्लं मेली.

तात्पर्य : कळ काढ म्हणणाऱ्याचं स्वतःचं पोट भरलेलं असेल, तर त्याची परवानगी मागत बसू नका, उठा आणि घरी जा.