उजवी रिकीब

सीनेकाठच्या निमतळे गावी त्या वर्षी श्री विमलनाथ महाराजांचा चातुर्मासाचा मुक्काम होता. ओढ्याच्या अलीकडे शंभूचे देऊळ, त्याच्या ओवरीत महाराजांचे आसन. गावच्या इनामदारांच्या पागेत सुभाना नावाचा चाबूकस्वार होता. अवखळ घोडी खोगिराला आणि स्वाराला सरावतील अशी तयार करणे हा त्याचा पिढीजात धंदा. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही घोडे वाया गेले नव्हते. आता मात्र पाखरी नावाची घोडी त्याला जवळ फिरकू देत नव्हती.

आदल्या दसऱ्याला पाखरीवरून पडून सुभानाचा एकुलता एक मुलगा तुळाजी गेला होता. तेव्हापासून पान हलले तरी ती बिथरे. खोगीर दिसताच तिला दरदरून घाम फुटे.

एके सकाळी इनामदार जयवंतराव पागेच्या दारात येऊन हसले. “काय सुभाना, पोरगा खाल्ला तिनं, आता बापाची पाळी का? त्या ओवरीतल्या गोसाव्याचा अंगारा आणतोस म्हणे तिच्यासाठी. दाण्यात कालवून घाल, अंगात तरी येईल तिच्या!” घोड्यांची निगा करणारे मोतद्दार खो खो हसले. “दसऱ्याला देवाचं निशाण घेऊन ओढा उतरली तर ठीक. नाही तर गोळी घालणार.”

पाखरी शिंगरू असल्यापासून तुळाजीने वाढवली होती. त्याच्या मागे त्याची म्हणून एवढी एकच जिवंत खूण उरली होती.

सुभाना ओवरीत जाऊन बसला. महाराज म्हणाले, “घोडी कुणाला भिते, सुभाना?”

“सगळ्यांना, महाराज.”

“सगळ्यांत जास्त?”

“मला.”

मग वर्षभर कुणापाशी न बोललेले त्याने सांगितले. तुळाजी डावखुरा. लहानपणापासून उजवीकडून चढे, आणि घोडीलाही तीच सवय. धंद्याची रीत मात्र डावीकडून चढण्याची. दसऱ्याच्या दिवशी ओढ्याकाठी भर समुदायात जयवंतराव ओरडले, “चाबूकस्वाराच्या पोराला चढायची बाजू कळंना!” लोक हसले. सुभानाला ते झोंबले. त्याने मुलाचा दंड धरून त्याला घोडीच्या डाव्या बाजूला ओढले. “तुळाजी म्हणाला, ‘आबा, तिला हे ठाऊक नाही.’ मी म्हणालो, ‘चढ!’ त्यानं माझा शब्द मोडला नाही, महाराज. त्याचा पाय रिकिबीत गेला आणि दसऱ्याचे उखळी बार धडाडून उडाले. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. तो पडला तिथं मागं दगड होता.”

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. “गेलेला परत आणणं माझ्या हाती नाही, बाबा,” महाराज म्हणाले. “तू उद्यापासून तिच्या उजवीकडं उभा राहा. चढू नकोस. नुसता उभा राहा.”

सुभाना उभा राहू लागला. नऊ दिवस पाखरी त्याच्यापासून सरकत राहिली. दहाव्या दिवशी थांबली. पंधरवड्याने तिने मानेवर हात ठेवू दिला. मग तुळाजीची घोंगडी पाठीवर आली, मग रिकामे खोगीर. भाद्रपद सरता सरता सुभाना उजवीकडून चढला. जन्मात प्रथमच. घोडी थरथरली, पण पडू दिले नाही तिने त्याला.

दसरा उजाडला. पाखरीवर बसलेल्या सुभानाच्या हाती निशाण होते. ओढ्याला पाणी चढलेले. काठावर बार उडाले आणि अघटित घडले! जयवंतरावांचाच घोडा उधळून पाण्यात शिरला. ते खाली आले, पण पाय रिकिबीत अडकला. घोडा त्यांना ओढत धारेकडे निघाला.

तुळाजी पडला त्याच दगडापाशी पाखरी खिळली होती. सुभानाने शेजारच्याकडे निशाण दिले. “महाराज!” एवढेच त्याच्या तोंडून आले. त्याच क्षणी उजवीकडून लगाम कुणीतरी धरल्यासारखा ताणला गेला. तिथे कुणी नव्हते! पाखरीने कान टवकारले आणि एखाद्या ओळखीच्या माणसामागे जावे तशी ती पाण्यात उतरली. सुभानाने उधळलेला घोडा गाठला, रिकिबीचा पट्टा कापला आणि जयवंतरावांना ओढून काठाला आणले.

इकडे ओवरीत महाराज निरूपण करता करता मध्येच थांबले होते. समोरच्या शिष्यांनी पाहिले, त्यांची अंगावरची छाटी छातीपर्यंत भिजली होती. डाव्या तळहातावर लगामाचा लाल वळ उमटला होता. घोडीच्या उजव्या अंगाने चालणारा लगाम डाव्या हातानेच धरतो. पाखरीला बाहेर उभी करून सुभाना ओवरीत आला, त्याने तो वळ पाहिला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला.

मागून जयवंतराव लंगडत आले, ओलेचिंब. त्यांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. “महाराज, मी त्या दिवशी हिणवलं नसतं तर तुळाजी असता.”

“ते मला काय सांगतोस?” महाराज म्हणाले.

जयवंतराव उठले आणि सुभानाला घेऊन बाहेर आले. देवळाबाहेर पाखरी उभी होती. तिच्या उजव्या बाजूला जाऊन इनामदार कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी रिकीब धरली. “चढ, सुभाना,” ते म्हणाले. “याच बाजूनं.”

सुभाना पुढे झाला, पण डोळे भरल्यामुळे त्याला रिकीब दिसेना. पाखरी मात्र जराही न हलता त्याच्यासाठी उभी राहिली.