अर्ध्याच्या आत

"चावी कधी देताय, सर?"

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हरची खोली आहे. तिथं निनाद उपाध्येनं हे विचारलं. विचारलं कसलं, अंगावरच धावून गेला.

समोर मुजावर सर. ही खोली त्यांनी उभी केलेली, आणि निनाद सहा वर्षं त्यांच्या हाताखाली. हुशार होता, नाही कोण म्हणतंय? पण हुशारीची मस्ती अशी, की बघणाऱ्याचं डोकं फिरावं. मी त्याच खोलीत कामाला, माझं तर रोज फिरायचं.

"रीत ठाऊक आहे ना?" सरांनी विचारलं.

रीत अशी, की या खोलीची चावी, म्हणजे सगळा कारभार, हाती घेणाऱ्यानं चालू मशीनची एक वायर स्वतःच्या हातानं उपटायची. मशीनला पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारे डबे, दोन; प्रत्येकाची वायर वेगळी. दोघं मिळून भार उचलतात. एक मेला तर दुसऱ्यानं एकट्यानं सगळा उचलायचा. म्हणून दोघांवरही ताकदीच्या अर्ध्याच्या आतच भार टाकायचा, हा सरांचा कायदा.

"उपटतो की! पण आधी हे बघा."

त्यानं पडद्यावर आकडे दाखवले. दोन्ही सप्लाय सत्तर टक्क्यांवर! एक्स-रेचं सगळं नवं काम पठ्ठ्यानं याच मशीनवर चढवलं होतं, कुणाला न विचारता.

"नवं मशीन घ्यावं लागलं नाही, सर. निम्मी ताकद नुसती बसून खात होती."

सर म्हणाले, "छान. आता उपट."

निनादनं मशीनच्या मागं जाऊन वायर धरली.

"वर आयसीयूत माणसं आहेत," सर म्हणाले. "त्यांचे ठोके याच मशीनमधून नर्सच्या पडद्यावर जातात. उपट."

निनादचा हात थांबला.

"का रे? दुसरा आहे ना?"

निनादनं वायर सोडून दिली.

"बोल की!"

"त्याला पेलणार नाही, सर. तोही बंद पडेल."

"मग तो दुसरा कसला, लेका?" सर कडाडले. "काढ! आत्ताच्या आत्ता काढ ते एक्स-रेचं!"

सरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

निनादनं काम उतरवलं. आकडे चाळिसाच्या घरात आले. पण त्याचा चेहरा लालबुंद. की-बोर्ड त्यानं असा ढकलला, की तो टेबलाखाली लोंबकळायला लागला.

"मशीनचं झालं. माझं काय?"

"तुझं काय?"

"मोठं काम आलं की निम्मं तुम्ही स्वतःकडं ठेवता. मला कधी पूर्ण राबू दिलंत? मी काय कुचकामी आहे? पुण्याहून बोलावणं आलंय मला. उद्या हो म्हणतो आणि जातो. बसा मग तुमची खोली सांभाळत!"

सर मशीनमागं गेले. त्यानं धरलेली वायर किंचित सैल झाली होती, ती अंगठ्यानं दाबून घट्ट केली.

"सांगा ना!" निनाद ओरडला. आवाज फाटला त्याचा. "अजून किती दिवस अर्ध्यावर ठेवणार मला?"

सर वळले...

"मी पडेपर्यंत."